दोन स्क्रीनमधला फरक

"काका, फरक दिसतोय ना?" दुकानातल्या मुलीनं विचारलं आणि मी "दिसतोय की" म्हणून मोकळा झालो. खोटं बोलायलासुद्धा माणसाला थोडा दम घ्यावा लागतो, तेवढाही मी घेतला नाही. काउंटरवर तिनं दोन टॅब शेजारीशेजारी मांडले होते. डावा लहान आणि हलका. उजवा त्याहून मोठा, जड, पण त्याची स्क्रीन म्हणे दुपटीनं शार्प. दोन्हींवर एकच फोटो होता, पाण्यात पाय सोडून बसलेल्या एका म्हातारीचा. उजवीकडे तिच्या गालावरची लव दिसते, कानातल्या खड्याचे पैलू मोजता येतात, असं ती मुलगी कौतुकानं सांगत होती. मी उजवीकडे बघितलं, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. दोन्हीकडे तीच म्हातारी. आणि दोन्हीकडे तिच्या तोंडाच्या जागी, म्हणजे मी नेमकं बघत होतो तिथेच, कुणी ओल्या बोटानं पुसल्यासारखा करडा डाग. नजर पाण्यावर नेली तर डाग पाण्यावर आला आणि तोंड स्वच्छ झालं, पण तोवर मी तोंडाकडे बघत नव्हतो. गेली तेहेतीस वर्षं मी छापखान्यात रंग तपासतोय. दोन लालांमधला फरक सांगायचा पगार खातोय. लोक मला मास्तर म्हणतात ते काही शिकवतो म्हणून नाही.

टॅब घ्यायला साहेबांनीच पाठवलं होतं. सकाळी खाली आले, माझ्या टेबलाच्या कडेवर बसले, ते बसले की काहीतरी बदलणार हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणाले, "कागदावरची प्रुफं बंद करूया. गिऱ्हाईकाकडे टॅब घेऊन जायचं, तिथेच दाखवायचं, त्यानं ओके केलं की बाहेर छापायला द्यायचं. कुठला घ्यायचा ते तुम्ही ठरवा. नजर म्हणावी अशी आपल्याकडे तुमचीच." मी मान डोलावली. हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं ऐकतोय आणि दर वेळी मान डोलावतोय, पण गेल्या दीड वर्षात ती डोलावताना मानेच्या मागे काहीतरी थंड होतं. रस्त्यानं येताना मला वाटत होतं, टॅब घ्यायचा म्हणजे काय मोठंसं, जो महाग तो चांगला, पावती घ्यायची आणि निघायचं. असं कुणी दोन्ही समोर ठेवून परीक्षा घेईल हे डोक्यात आलं नव्हतं.

सवयीनं मी खिशातलं भिंग काढलं आणि उजव्या स्क्रीनवर टेकवलं. मुलगी हसली. "भिंग लावून कोण बघतं, काका?" तिच्या हसण्यात वाईट काही नव्हतं, तिच्या आजोबांनी असलं काही केलं असतं तर ती तशीच हसली असती. मी म्हटलं, "आमच्यात असंच बघतात." वाकलो. भिंगात ठिपके होते, लाल, हिरवे, निळे, कडेकडेनं अगदी टपोरे. मधोमध काही नव्हतं. मधोमध तोच डाग, भिंगानं तोही मोठा झालेला. वाकलेला असतानाच मला वाटलं, आता उठूच नये, दुकान बंद होईपर्यंत हे लोक मला असाच तपासणारा समजतील आणि कुणी त्रास देणार नाही. पण कंबर धरली, उठलो. "जरा बसून विचार करतो," म्हटलं. ती म्हणाली, "बसा की, निवांत. हातात धरून बघा दोन्ही," आणि दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे गेली. भिंतीला लागून एक बाकडं होतं तिथे मी दोन्ही टॅब मांडीवर घेऊन बसलो.

हाताचं मात्र खरं होतं. हातानं कधी दगा दिला नाही. कागद चिमटीत धरला की तो किती जाडीचा हे मी डोळे मिटून सांगतो. डावा टॅब उचलला तर शाळेतल्या पाटीसारखा, दिवसभर काखोटीला मारून फिरलं तरी हात भरून येणार नाही. उजवा उचलला तर मनगटावर आला. एवढं कळलं आणि एवढंच कळलं. आता उजवा घेतला तर तो उघडायचा, गिऱ्हाईकापुढे धरायचा, आणि ते म्हणणार, "वा, काय स्वच्छ दिसतंय हो," आणि मी म्हणणार, "मग!" रोजचं खोटं, दिवसातून चार वेळा. डावा घेतला तर साहेब विचारणार, रंगाचा माणूस आणि मळकी स्क्रीन उचलून आणलीत? ते तर आपल्या तोंडानं कबूल केल्यासारखंच. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते असं काउंटरवर पॉलिश करून ठेवलेलं असेल हे मला ठाऊक नव्हतं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दीड वर्षापूर्वी मला एक चौकटीचौकटींचा कागद दाखवला होता. "मध्ये ठिपका आहे त्याकडे बघा आणि रेघा कशा दिसतात ते सांगा." मी म्हटलं, "छपाई वाईट आहे, रेघा मध्ये वाकल्यात." त्यांनी कागद खाली ठेवला. मग म्हणाल्या, "रेघा सरळ आहेत." मला आधी राग आला, कारण छपाईबद्दल मला कुणी शिकवायचं नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं, मधली नजर जात चाललीय, कडा राहतील, चालता येईल, जेवता येईल, माणसं ओळखता येतील चालीवरून, आवाजावरून. "काम काय करता?" मी म्हटलं, "छापखान्यात आहे." त्यांना वाटलं असेल, पुठ्ठे उचलतो. मी तसंच वाटू दिलं. घरी आलो, बायकोनं विचारलं, "काय म्हणाल्या?" मी म्हटलं, "डोळे कोरडे पडतात. थेंब दिलेत." ती बिचारी रोज संध्याकाळी स्वतःच्या हातानं थेंब घालते. साध्या पाण्यासारखे थेंब आहेत ते, कुठल्याही दुकानात मिळतात. ती थेंब घालते आणि म्हणते, "डोळे किती लाल झालेत, साहेबांना सांगा जरा." मी पडून तिच्याकडे बघतो तेव्हा तिचं तोंड पुसलेलं असतं. तिचे कान दिसतात, केस दिसतात, पांढरे किती झालेत तेही दिसतं.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मी जुन्या मास्तरांकडून शिकलो, तेही त्यांनी न शिकवता. मी लागलो तेव्हा ते रंग तपासायचे आणि मी त्यांच्या हाताखाली. मशीनवरून पहिली शीट आली की ते लगेच बघायचे नाहीत. आधी करड्या भिंतीकडे तोंड करायचे, मनात वीस मोजायचे, डोळे धुऊन निघाल्यासारखे झाले की मग वळायचे. "डोळ्याला आधीचं विसरायला लावायचं, मग पुढचं बघायचं," म्हणायचे. चार रंगांच्या चार प्लेटा एकमेकींवर केसभरही न हलता बसल्या का, याला आम्ही रजिस्टर म्हणतो. ते बसलं, रंग बसला, की शीटच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहायचं, ठीक, खाली सही, वेळ. ती सही शीट मशीनच्या वर चिमट्याला लावायची आणि मशीनमननं पुढचा सगळा माल तिच्याशी ताडून काढायचा. सही चुकली तर शीट फाडायची नाही. तिच्यावर आडवी रेघ मारायची, शेजारी पुन्हा सही, पुन्हा वेळ. मास्तर म्हणायचे, "चूक फाडली की ती मोकळी सुटते. लिहून ठेवली की जागची हलत नाही." शेवटची दोन वर्षं त्यांना दिसत नव्हतं. मी त्यांच्या मागे उभा राहायचो. एकदा खोकलो की लाल जास्त, दोनदा खोकलो की निळा, घसा खाकरला की रजिस्टर हललंय. अख्खा छापखाना मला औषध सुचवायचा. कुणी आलं पाठवायचं, कुणी वाफारा घे म्हणून सांगायचं. मास्तर आणि मी याबद्दल एकमेकांशी कधी एक शब्द बोललो नाही. मग एक दिवस थोरल्या साहेबांनी, आत्ताच्यांच्या वडलांनी, मला जिन्यात गाठलं. "खरं सांग, म्हाताऱ्याला दिसतं का रे?" मी काहीही बोलू शकलो असतो. खोकलो असतो तरी चाललं असतं. मी म्हटलं, "नाही दिसत." पुढच्या महिन्यात मी मास्तर झालो. जाताना त्यांनी हे भिंग माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "खोकला सांभाळ." चेष्टेत म्हणाले की कसे, ते मी अजून ठरवू शकलेलो नाही. ज्याच्या ताटात जेवलो त्याच्याच घराचे वासे मोजले मी, आणि मोजून साहेबांना आकडा सांगितला.

माझ्या मागे खोकायला कुणी नव्हतं असं मी समजत होतो. होता. बारक्या. बारक्या म्हणजे आमचा मशीनमन. सहा फूट उंच, दारातून वाकून येणारा, आणि नाव बारक्या. तो खोकायचा नाही, त्याहून चांगलं करायचा. मी सही केली की शीट चिमट्याला लावायचा, माझी पाठ वळली की मशीनचं चाक इंचभर फिरवायचा आणि रजिस्टर आपल्या नजरेनं बसवून घ्यायचा. वर्षभर माल चांगला निघत होता. माझ्या सहीनं निघतोय असं मला वाटत होतं, आणि मनात मी त्या डॉक्टरीणबाईंना हसतही होतो. हे सगळं मला कळलं ते चित्रपुस्तकाच्या दिवशी. लहान मुलांचं पुस्तक होतं, पानापानावर मुलांचे चेहरे, हसणारे. मी भिंतीकडे तोंड करून वीस मोजले, वळलो, भिंग टेकवलं, डोकं हलवलं आणि सही केली. बारक्या शीट हातात धरून उभा राहिला. "मास्तर, एकदा पुन्हा बघता का? लाल हलल्यासारखं वाटतंय." बाइंडिंगच्या दोन बाया तिथेच उभ्या होत्या, साहेब जिन्यावर होते. एकटा असता तर मी पुन्हा बघितलं असतं, निदान बघितल्यासारखं केलं असतं. पण तेवढ्या माणसांदेखत माझ्या अंगाची आग झाली. म्हटलं, "सही कुणाची आहे त्यावर? तुझं काम मशीन फिरवायचं. रंग तुला कधीपासून कळायला लागला?" बाया हसल्या. बारक्यानं शीट चिमट्याला लावली. "बरं," म्हणाला, "मग सहीप्रमाणेच चालवतो." आणि चालवलं. त्याचं ते 'मग' माझ्या डोक्यात दुपारी जेवताना फुटलं. मग म्हणजे आजपर्यंत सहीप्रमाणे चालवत नव्हता. तेवढ्यात बाइंडिंगमधली एक बाई छापलेली शीट उचलून म्हणाली, "अगं बाई, या मुलांना दोन दोन तोंडं का?" आठ हजार शीट निघाल्या होत्या. प्रत्येक मुलाचे ओठ तोंडाच्या शेजारी.

सगळे तो माल बघायला धावले. मी मशीनकडे गेलो, चिमट्याची शीट काढली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि माझ्या सायकलच्या कॅरियरला लावली. दोन मिनिटं लागली असतील. साहेब खाली उतरून म्हणाले, "सही शीट बघू," तर चिमटा मोकळा. बारक्यानं मोकळ्या चिमट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. बराच वेळ. तोंडावर काय होतं ते मला दिसलं नाही, कारण मी सरळ त्याच्या तोंडाकडे बघत होतो. तो काही बोलला नाही. सही शीटशिवाय माल चालवणारा मशीनमन म्हणजे गुन्हेगारच. त्याला त्याच आठवड्यात काढलं. जाताना त्यानं मशीन पुसलं, तेल घातलं, पाने जागच्या जागी लावले आणि दारातून वाकून गेला. तेव्हापासून ती शीट आमच्या गादीखाली आहे, चार महिने. मी तिच्यावर झोपतो.

बाकड्यावर फोन वाजला. साहेब. "घेतला का हो?" मी म्हटलं, "बघतोय. एक हलका आहे, एकाची स्क्रीन चांगली आहे. जड आहे पण." ते म्हणाले, "अहो, हलकाच घ्या सरळ. वणवण तुम्हाला करायचीय. स्क्रीन काय, बघायचं काम आता गिऱ्हाईक करेल. त्यानं ओके करायचं, त्याची जबाबदारी. तुम्ही फक्त नेऊन दाखवायचं." मला वाटलं, त्यांना पुरतं कळलेलं नाही, म्हणून मी म्हटलं, "पण रंग तपासायला..." "मास्तर," ते म्हणाले, अगदी मऊ आवाजात, माणूस आजाऱ्याच्या खोलीत बोलतो तसं, "तुमच्या डोळ्यांना आता कशाला त्रास." मी फोन कानाला घट्ट धरला. दुकानात कुणीतरी गाणं लावून स्पीकर तपासत होतं, तेवढ्यापुरतं मला काही ऐकू आलं नाही असं म्हणता आलं असतं. पण मी विचारलं, "साहेब, बारक्याला मग कशासाठी काढलं?" ते म्हणाले, "मशीन विकायचंच होतं, मास्तर. आयतं कारण मिळालं. दोघांतला एकच ठेवायचा तर गिऱ्हाईकांत वावरलेला माणूस बरा. तुम्ही नका मनाला लावून घेऊ. घ्या हलका आणि या."

इतके दिवस मी भीत होतो की कुणाला कळेल. कळलं होतंच. साहेबांना कळलं होतं, बारक्याला कळलं होतं, बाइंडिंगच्या बायांनासुद्धा बहुतेक ठाऊक असेल, आणि मी आपला भिंतीकडे तोंड करून वीस मोजत होतो. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसा. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. जुन्या मास्तरांना निदान काढून टाकलं होतं, मला ठेवून घेतलं होतं, टॅब उचलायला. आणि ती शीट मी ज्या माणसापासून लपवली त्याला ती बघायचीच नव्हती. तिचं ओझं फक्त बारक्यावर पडलं होतं, आणि त्याची तर तिच्यावर सहीही नव्हती. मुलगी परत आली. "काय ठरलं, काका?" मी डावा टॅब पुढे केला. "हा." ती म्हणाली, "चांगला आहे. हलका आहे," आणि खोक्यात भरून दिला.

छापखान्यात गेलो नाही. घरी गेलो. बायको दारातच म्हणाली, "आज लवकर?" मी आत जाऊन गादीची कड उचलली. ती माझ्या मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "तो कागद होय. दर आठवड्याला गादी झटकते तेव्हा काढून ठेवते आणि पुन्हा घालते. एकदा चहा सांडला थोडा त्यावर, कोपऱ्यात. महत्त्वाचं होतं का काही?" मी म्हटलं, "विचारलं नाहीस कधी." ती म्हणाली, "तुम्ही लपवलं होतं ना. मग कशाला विचारू?" तिनं माझ्या हातातून शीट घेतली, नीट गुंडाळली, दोऱ्यानं बांधून दिली आणि म्हणाली, "थेंब घालून जा." मी म्हटलं, "त्या थेंबांनी काही होत नाही." तिनं हातातली बाटली परत कपाटात ठेवली. ती का, असं म्हणाली नाही, आणि मला बरं वाटलं की वाईट हे मी जिना उतरेपर्यंत ठरवत होतो.

बारक्या त्याच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, मागच्या बाजूला. हल्ली खोकी बनवायच्या कारखान्यात पुठ्ठे कापतो, सकाळची पाळी, म्हणून दुपारचा घरी असतो. त्याच्या बायकोनं दार उघडलं, मला ओळखलं, आणि "या" म्हणायच्या आधी आत वळून म्हणाली, "मास्तर आलेत." तिच्या आवाजात मला घरात घ्यायचं की नाही हे अजून ठरलेलं नव्हतं. बारक्या खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. उठला. उठल्यावर खोली लहान झाली. "बसा," म्हणाला. मी बसलो आणि काय बोलावं ते सुचेना म्हणून टॅबचं खोकं काढलं, जसा काही तोच दाखवायला आलो होतो. त्यानं टॅब हातात घेऊन तोलला. "हलका आहे."

"हो. दुसरा जड होता."

"स्क्रीन कशी आहे?"

"दुसऱ्याची जास्त चांगली होती म्हणतात."

"म्हणतात?" बारक्यानं विचारलं. टॅब खाली ठेवला. आत भांडं पडल्याचा आवाज झाला, मग ते उचलून ठेवल्याचा. तो माझ्याकडे बघत असावा. मी त्याच्या कानाकडे बघितलं, म्हणजे त्याचं तोंड कडेला आलं आणि मला दिसलं. तो रागावलेला नव्हता. थकलेला होता. चार महिन्यांत बराच म्हातारा झाला होता. मी दोरा सोडला आणि शीट त्यांच्या पलंगावर पसरली. गुंडाळून वळण धरलं होतं, ती पुन्हा पुन्हा मिटत होती. त्यानं एका कडेवर पाण्याचा तांब्या ठेवला, दुसऱ्या कडेवर हात. "तुमच्याकडेच होती तर."

"मीच काढली होती. जेवणाच्या सुट्टीत."

"ते कळलं होतं मला." त्यानं एका मुलाच्या तोंडावर बोट ठेवलं. "हे बघा. लाल एवढं बाजूला सरकलंय. केवढं धडधडीत आहे. दिसतंय का?"

मी वाकलो. भिंग खिशात होतं, हात तिकडे गेलाही. तेहेतीस वर्षांत हा प्रश्न मला किती जणांनी विचारला असेल आणि मी काय उत्तर दिलं असेल याचा हिशेब करण्यात अर्थ नव्हता. मी हात खाली घेतला. "नाही," म्हटलं. "नाही दिसत, बारक्या. तेव्हाही दिसत नव्हतं. आज दुकानात दोन टॅब समोर ठेवले होते, तेही मला सारखेच दिसले."

त्यानं मुलाच्या तोंडावरचं बोट उचललं. मग म्हणाला, "मला दिसत होतं. दिसत असून चालवलं. आठ हजार. दर शीटला वाटायचं, आता थांबवावं, आता थांबवावं. आणि दर शीटला ते हसणं आठवायचं." त्याचा आवाज फार खाली गेला होता. "तुम्हाला दिसत नव्हतं, मला दिसत होतं. आता सांगा, जास्त कुणाचं चुकलं? मी घरी बसून हेच करतोय चार महिने. म्हणून बोललो नाही त्या दिवशी. तुमच्यावर उपकार म्हणून नाही."

मी म्हटलं, "साहेबांकडे जाऊया. ही दाखवूया." त्यानं मान हलवली. "मशीनच नाही तिथे आता. मला ठाऊक आहे. घेणाऱ्यानं मलाच विचारलं होतं मशीन कसं आहे म्हणून. चांगलं आहे म्हणून सांगितलं." त्याच्या बायकोनं दोन कप आणून खुर्चीवर ठेवले, शीटवर नजर टाकली, आणि हलक्या आवाजात म्हणाली, "गोड मुलं आहेत. अशी का छापली?" ती परत आत गेली.

बारक्यानं खिडकीतल्या डब्यातून पेन्सिल काढली. छापखान्यातलीच होती, अर्धी झिजलेली, टोक ब्लेडनं काढलेलं. ती माझ्या हातात दिली. "रेघ मारा," म्हणाला. "आपल्या पद्धतीनं. आता चुकलेलीच आहे ती, तर तसं असू दे." मी पेन्सिल घेतली. कोपऱ्यात माझी सही होती, तीच कुठे आहे ते मला सापडेना. चहाचा डाग दिसला, कागदाची कड दिसली. बारक्यानं माझं मनगट धरलं, हळूच, मशीनचं चाक इंचभर फिरवावं तसं, आणि जागेवर आणून सोडलं. मी आडवी रेघ ओढली. शेजारी लिहिलं, ठीक नाही, आणि खाली सही केली. वेळ किती झाली विचारलं, त्यानं सांगितली, ती घातली. हाताला सवय आहे, हात आपोआप चालला. पण रेघ जुन्या सहीवर बसली की नुसतीच कागदावर, नवी सही शेजारी झाली की मुलांच्या चेहऱ्यांवर, ते मला कळलं नाही.

"बरोबर बसली का?" मी विचारलं.

बारक्या शीटवर वाकला. खूप वेळ बघत राहिला, लागतो त्याहून जास्त वेळ. मग सरळ झाला, तांब्या उचलला, शीट आपली आपण गुंडाळली गेली.

"ठीक आहे, मास्तर," म्हणाला.